ज्युलिया परत कां गेली नाहीं?

गेल्या वर्षीं एका हितचिंतकांकडून आपल्या शाळेच्या ग्रंथालयास इंग्रजी पुस्तकांची एक पेटी भेट आली. तींत कॅरी ट्युरान्स्की या अमेरिकन लेखिकेच्या तीन कादंबऱ्या होत्या. वरच्या वर्गांतील मुलींनीं त्या इतक्या आवडीनें वाचल्या कीं, महिन्याभरांत पहिल्या पुस्तकाची बांधणी सुटली व ती दोऱ्यानें शिवून घ्यावी लागली. पुढें एका विद्यार्थिनीचे वडील आमच्याकडे आले आणि मिशनच्या शाळेंत मुलींच्या हातीं प्रेमकथा कशा दिल्या जातात, असें त्यांनीं विचारलें. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्याच पुस्तकाविषयीं एका मुलीनें आम्हांस अगदीं निराळा प्रश्न केला. वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें. मुलीच्या प्रश्नाचें आलें नाहीं. हा लेख त्या दोघांसाठीं आहे.

पालकांस उत्तर देतांना आम्हीं त्यांस ‘यमुनापर्यटना’ची आठवण करून दिली. बाबा पदमनजी यांची ही 1857 सालची कथा मराठींतील पहिली कादंबरी म्हणून सामान्यतः मानली जाते. तिच्यांत प्रवास आहे, नवराबायकोचें प्रेम आहे, वैधव्य आहे आणि शेवटीं पुनर्विवाहही आहे. परंतु विधवांच्या हालांकडे समाजाचें लक्ष वेधावें, हा तिचा हेतु होता. कथेच्या द्वारें धर्माचा व समाजाचा विचार करण्याची वाट आपल्या भाषेंत नवी नाहीं. आपल्या कादंबरीचा जन्मच त्या वाटेवर झाला आहे. हें ऐकून ते गृहस्थ हंसले व म्हणाले, “खरें, पण बाबा पदमनजींच्या यमुनेला कोणी विलायती सरदार भेटला नव्हता.” हें मात्र आम्हांस कबूल करावें लागलें.

जुन्या काळांत रचलेल्या या ख्रिस्ती प्रेमकथा हल्लीं मुख्यत्वें अमेरिकेंत लिहिल्या व छापल्या जातात. त्यांच्या अलीकडच्या भरभराटीचा आरंभ जॅनेट ओक या कॅनडांतील लेखिकेच्या 1979 सालच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या कादंबरीपासून धरण्याचा प्रघात आहे. ती कथा माळरानावर वस्ती करणाऱ्या शेतकऱ्यांची होती. पुढें लेखिकांनीं माळरान सोडलें व त्या इंग्लंडांतील वाड्यांत शिरल्या. 2010 ते 2015 या वर्षांत दूरचित्रवाणीवर ‘डाउन्टन ॲबी’ ही इंग्रजी मालिका झाली आणि तिनें देशोदेशींच्या प्रेक्षकांस त्या वाड्यांचें वेड लावलें. ट्युरान्स्कीबाईंचीं पुस्तकें 2013, 2014 व 2015 या सालांतलीं आहेत. तेव्हां हें वारें त्यांसही लागलें असावें. या प्रकारच्या लेखनाचे कांहीं ठरलेले संकेत असतात. नायकनायिकांचें वर्तन निर्मळ राहतें. आणि प्रेम दोघांचें असलें तरी कथेंत तिसरा एक असतो, तो म्हणजे देव. दोघांपैकीं कोणाचा विश्वास डळमळला असेल, तर तो सांवरल्याशिवाय लग्न लागत नाहीं. कीर्तनास बसलेल्या श्रोत्यास आख्यानाचा शेवट ठाऊक असतो, तसा तो या वाचकासही आधींच ठाऊक असतो; तेथवर कसें पोंचावयाचें, एवढेंच पाहावयाचें असतें.

आतां त्या काळाकडे वळूं. सातवा एडवर्ड हा 1901 पासून 1910 पर्यंत इंग्लंडच्या गादीवर होता. त्याच्या नांवानें तो काळ ओळखला जातो, आणि 1914 सालीं महायुद्ध सुरू होईपर्यंतचीं वर्षेंही बहुधा त्यांतच मोजतात. हा काळ म्हटला म्हणजे शुभ्र वस्त्रें, हिरवळीवरील चहा, नव्यानें आलेल्या मोटारगाड्या व रात्रभर चालणारे नाच, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु तो चहा कोणी तरी केलेला असे. 1911 सालच्या खानेसुमारीप्रमाणें इंग्लंड व वेल्समध्यें दहा लाखांहून अधिक स्त्रिया लोकांच्या घरीं चाकरीस होत्या. स्त्रियांच्या इतर कोणत्याही धंद्यांत एवढी संख्या नव्हती. मोठ्या वाड्यांत बटलर, घरव्यवस्था पाहणारी मुख्य बाई, स्वयंपाकीण, गणवेश घातलेले वाढपी, झाडलोट करणाऱ्या मोलकरणी आणि सर्वांच्या खालीं भांडीं घांसणारी पोर, अशी पायरीपायरीची रचना असे. चाकरांचा जिना निराळा व मालकांचा निराळा. कांहीं घराण्यांत रोज सकाळीं सर्वांची मिळून प्रार्थना होई, तेव्हां चाकरमंडळी आपापल्या दर्जाच्या क्रमानें रांगेनें आंत येत. देवापुढें गुडघे टेकतांनाही कोणी कोणाच्या पुढें टेकावे, हें ठरलेलें होतें! जातिभेदाबद्दल आपणांस नांवें ठेवणाऱ्या देशाच्या इतिहासांतील ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अर्थात् आपला दोष त्यामुळें तिळभरही उणा होत नाहीं.

या दोन जिन्यांच्या मधोमध एक व्यक्ति राहत असे, ती म्हणजे मुलांना घरीं शिकविणारी बाई, गव्हर्नेस. ती सुशिक्षित व कुलीन, म्हणून खालीं चाकरांत बसावयाची नाहीं; पगारी, म्हणून वर मालकांत बसावयाची नाहीं. तिचें जेवण पुष्कळदां ताटांत घालून तिच्या खोलींत धाडीत व तें ती एकटीच जेवी. इंग्रजी कादंबरीस ही एकटी बाई फार मानवली आहे. शार्लट ब्राँटीची जेन एअर 1847 सालीं प्रसिद्ध झाली. तिची नायिका अशीच. आणि ट्युरान्स्कीबाईंच्या पहिल्या कादंबरीचें नांवच ‘द गव्हर्नेस ऑफ हायलँड हॉल’ असें आहे.

कथा 1911 च्या सुमाराची आहे. ज्युलिया फॉस्टर ही आईबापांबरोबर हिंदुस्थानांत मिशनकार्य करणारी तरुणी. तेथील लहान मुलींचा सांभाळ हें तिचें काम, व त्यांत तिचा जीव रमलेला. परंतु आजारपणामुळें कुटुंबास इंग्लंडला परतावें लागतें, संसाराचा भार तिच्यावर पडतो, आणि ती हायलँड हॉल या मोठ्या वाड्यांत नोकरी धरते. तेथें शिकवावयाचीं मुलें चार: मालक सर विल्यम रॅम्झे यांचीं दोन लहान मुलें, आणि त्यांच्या मृत चुलतभावाच्या दोन वाढत्या वयाच्या मुली. चौघेंही लाडावलेलीं.

आमच्या कित्येक विद्यार्थिनींस येथेंच कोडें पडलें. वाडा जर त्या मुलींच्या बापाचा होता, तर त्या आश्रितासारख्या कां राहतात? याचें उत्तर इंग्लंडच्या वारसापद्धतींत आहे. किताब व त्याबरोबर बांधलेली जमीन हीं बहुधा पुरुष वारसाकडेच जात. मुली असल्या तरी त्यांस ओलांडून तीं चुलत्याकडे किंवा चुलतभावाकडे जात. विल्यमचा बॅरोनेट हा किताब याच जातीचा. तो पहिल्या जेम्स राजानें 1611 सालीं सुरू केला. तो वंशपरंपरा चालतो, पण त्याच्या जोरावर लॉर्डांच्या सभेंत जागा मिळत नाहीं. ज्या घरांत आपण जन्मलों त्याच घरांत पाहुणीसारखें राहावयाचें, यामुळें त्या दोघी मुलींच्या स्वभावांत जो ताठा आला आहे, तो निव्वळ हट्टीपणा नव्हे. ज्युलियास हें हळूहळू उमगतें. आणि पुस्तकांतील हा भाग आम्हांस प्रेमकथेपेक्षांही अधिक आवडला.

विल्यमला वाडा मिळाला आहे, पण वाड्याबरोबर कर्जाचा डोंगरही. हीही कवीची कल्पना नव्हे. 1870 नंतर अमेरिकेंतून स्वस्त धान्य बोटींनीं येऊं लागलें, शेतमालाचे भाव उतरले व जमीनदारांचे खंड घटले. त्यांत 1894 सालीं मृताच्या मालमत्तेवर नवा कर बसला. सर्वांत मोठ्या इस्टेटींवर तो शेंकडा 8 होता. लॉइड जॉर्ज यांच्या 1909 सालच्या अंदाजपत्रकांत तो शेंकडा 15 पर्यंत चढला. लागोपाठ दोन मालक वारले म्हणजे थोरल्या घराण्यासही चित्रें, दागिने, शेवटीं जमीन विकावयाची पाळी येई. तेव्हां वाडा राखावयाचा कसा? पैसेवाली नवरी करून. विल्यमपुढें हाच पेंच आहे: एकीकडे संपत्ति व सत्ता, दुसरीकडे रित्या हाताची शिक्षिका.

असा व्यवहार खरोखर कसा होई, याचें एक प्रसिद्ध उदाहरण देतों. अमेरिकेंतील आगगाड्यांच्या कोट्यधीश घराण्यांतील कॉन्स्वेलो व्हँडरबिल्ट ही अठरा वर्षांची मुलगी 1895 सालीं मार्लबरोच्या नवव्या ड्यूकास दिली. लग्नाच्या करारांत पंचवीस लाख डॉलर किंमतीचे आगगाडीचे शेअर ड्यूकाच्या बाजूस आले, व त्या पैशांतून ब्लेनिम येथील जुन्या राजवाड्याची डागडुजी झाली. मुलीचें मन दुसरीकडे होतें. आईच्या सक्तीनें आपण उभ्या राहिलों, असें तिनें पुढें 1953 सालच्या आत्मचरित्रांत सांगितलें. 1906 सालीं नवराबायको विभक्त झालीं, 1921 सालीं घटस्फोट झाला. आपल्याकडे हुंड्याची बोलणीं बैठकींत पानसुपारी खातांना होतात, तेथें तीं वकिलांच्या कागदावर होत. एवढाच काय तो फरक. म्हणून कादंबरींतील विल्यम शेवटीं ज्युलियाचा हात धरतो, तेव्हां आमच्या मुली टाळ्या वाजवितात, त्यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. ज्या पालकांनीं आमच्याकडे तक्रार केली, त्यांनीं निदान हें प्रकरण आपल्या मुलीबरोबर वाचावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.

दुसरी कादंबरी, ‘द डॉटर ऑफ हायलँड हॉल’, ही आमच्या मतें तिन्हींत सरस आहे. चुलतभावाच्या मुलींपैकीं थोरली केट हिला 1912 सालच्या लंडनच्या ‘सीझन’मध्यें पुढें आणतात. हा सीझन म्हणजे ईस्टरनंतर सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चालणारा उच्चवर्गाचा विवाहबाजार. मुलगी पांढरा पोशाख करून, केसांत शहामृगाचीं पिसें खोंवून, मागें लांब पदर सोडून राजाराणीपुढें जाई व गुडघा वांकवून मुजरा करी. तो पदर न अडखळतां सांवरतां यावा म्हणून आधीं शिकवणी लावीत. पूर्वीं स्वतः मुजरा केलेल्या एखाद्या विवाहित बाईनेंच तिला पुढें न्यावें लागे. मग नाच, मेजवान्या, घोड्यांच्या शर्यती, आणि सदैव मागें एक वडीलधारी बाई. दोनतीन सीझन उलटूनही लग्न ठरलें नाहीं, तर लोक कुजबुजूं लागत. दरबारांतील हे मुजरे 1958 सालीं कायमचे बंद झाले.

केट या सगळ्याची हौस धरून येते. परंतु घराण्यावर एक बदनामी ओढवते व जीं दारें तिच्यासाठीं उघडत होतीं तीं पटापट बंद होतात. त्याच वेळीं ज्युलियाचा भाऊ जोनाथन, जो वैद्यकाचा विद्यार्थी आहे, तो तिला शहराचें दुसरें टोंक दाखवितो. तें टोंक म्हणजे ईस्ट एंड. चार्ल्स बूथ या गृहस्थांनीं घरोघर पाहणी करवून लंडनच्या दारिद्र्याची जी मोजदाद 1889 पासून 1903 पर्यंत अनेक खंडांत प्रसिद्ध केली, तींत त्या महानगरांतील शेंकडा सुमारें 30 माणसें दारिद्र्यांत असल्याचें आढळलें. जगांतील सर्वांत श्रीमंत शहराची ही स्थिति! एकाच शहरांत दुपारीं एक मुलगी पिसें खोंवते व त्याच दुपारीं दुसरी आगपेट्यांच्या डब्या चिकटविते. केटला हें पाहावें लागतें, आणि लेखिका तिला तेथून नजर फिरवूं देत नाहीं. हें पुस्तकाचें खरें बळ होय.

तिसऱ्या पुस्तकाबद्दल थोडेंच सांगतों. त्यांत महायुद्ध सुरू झालें आहे, हायलँड हॉलमध्यें लंडनच्या अनाथाश्रमांतील मुलें आश्रयास आलीं आहेत, आणि धाकटी पेनी हिचा जीव एका वैमानिकांत गुंतला आहे. वाड्यांत अनाथ पोरें बागडतात, ही कल्पना सुंदर आहे. घटना मात्र घाईघाईनें उरकल्या आहेत, आणि संकट आलें कीं प्रार्थना, प्रार्थना झाली कीं सुटका, हा क्रम फारच नियमित होतो. ज्यांनीं आपल्या घरांत वर्षानुवर्षें प्रार्थना केली आहे, त्यांस उत्तर इतक्या वक्तशीरपणें येत नाहीं हें ठाऊक असतें. शिवाय खऱ्या इंग्लंडांत युद्धानंतर असे शेंकडों वाडे विकले गेले, कित्येक पाडले गेले. विश्वासू घराण्यांचेही पाडले गेले.

आणि आतां त्या मुलीचा प्रश्न. एके दिवशीं तास संपल्यावर ती मेजाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, त्या मुलींचें पुढें काय झालें?”

“कोणत्या मुलींचें? केट आणि पेनी ना?”

“नाहीं, बाई. इकडच्या. ज्यांना ज्युलिया सांभाळीत होती त्या.”

आम्ही निरुत्तर झालों. खरें सांगावयाचें तर त्या मुली आमच्या लक्षांतच राहिल्या नव्हत्या. आम्ही पुस्तक दोनदां वाचलें होतें, त्यावर टिपणें काढलीं होतीं, इंग्लंडचे कर व किताब वर्गांत समजावून दिले होते. आणि ज्या मुलींवर ज्युलियाचें मन जडलेलें म्हणून ती आपणांस प्रथम आवडूं लागते, त्या मुली मात्र आमच्या हातून सुटल्या होत्या. आम्हींही जिना चढून वरच्या दिवाणखान्यांतच जाऊन बसलों होतों.

जेन एअरमध्येंही हिंदुस्थान असाच दूर आहे. तेथें सेंट जॉन हा धर्मोपदेशक जेनला म्हणतो कीं, माझी पत्नी होऊन मिशनकार्यासाठीं हिंदुस्थानांत चल. प्रीतीवांचून लग्न करणें तिला पटत नाहीं व ती नकार देते. तिचें बरोबर आहे, असें आम्ही वर्गांत नेहमीं सांगत आलों आहों. पण त्या पुस्तकांत हिंदुस्थान म्हणजे उष्ण, दूरचें, जीव घेणारें एक स्थळ; तेथें कोणी माणूस राहतो असें वाटतच नाहीं. ज्युलियाच्या कथेंत तो देश निदान प्रेमानें आठवला जातो. तरी लग्नाची घंटा इंग्लंडांतच वाजते, आणि परत जाण्याची वाट मिटते.

त्या काळीं परत न गेलेल्या, म्हणजे आपल्या मायदेशीं परत न गेलेल्या, स्त्रियाही होत्या. आयर्लंडची एमी कारमायकेल 1895 सालीं हिंदुस्थानांत आली. तमिळ देशांत दोहनावूर येथें देवळांस वाहिल्या जाणाऱ्या मुलींचा तिनें 1901 पासून सांभाळ केला. तिनें लग्न केलें नाहीं, रजेवरही ती घरीं गेली नाहीं, आणि 1951 सालीं तेथेंच वारली. एडवर्डच्या दरबारांत पिसें खोंवून मुली मुजरा करीत होत्या, तींच हीं वर्षें. आपल्या मुलुखांत तर अशा मुलींस विलायतेच्या बाईची वाटही पाहावी लागली नाहीं. 1896-97 च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतून उपाशी मुली आणल्या आणि केडगांव येथें मुक्तिसदन उभें केलें. परदेशच्या स्त्रिया तेथें कामास आल्या, परंतु त्या रमाबाईंच्या हाताखालीं काम करण्यास आल्या.

आणखी एक गोष्ट. 1910 सालीं एडिंबरो येथें जगांतील मिशनांची मोठी परिषद भरली होती. तींत तमिळ देशांतील एका तरुण ख्रिस्ती सेवकानें, व्ही. एस. अझरय्या यांनीं, भर सभेंत सांगितलें कीं, तुमच्या त्यागाची आम्हांस जाणीव आहे, पण आम्हांस तुमच्याकडून आणखी एक वस्तु हवी आहे, ती म्हणजे मैत्री. पुष्कळांस तें भाषण झोंबलें. पुढें 1912 सालीं, म्हणजे कादंबरींतील केट लंडनांत नाचास जात होती त्याच सालीं, अझरय्या अँग्लिकन मंडळीचे पहिले हिंदी बिशप झाले. ज्युलिया ज्या देशांतून आली, त्या देशांतील माणसें तेव्हां नांवानिशीं उभीं राहून बोलत होतीं. कादंबरीकर्त्रीनें हें लिहिलें नाहीं म्हणून आम्ही तिला दोष देत नाहीं. तिची कथा वाड्याची आहे. परंतु ती कथा आपल्या हातीं आली आहे, आणि आपण कथेच्या अलीकडच्या टोंकास राहतों.

हें सर्व आम्हीं दुसऱ्या दिवशीं त्या मुलीस सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. मग आम्हीं तिला सांगितलें कीं, त्या मुलींचें पुढें काय झालें तें पुस्तकांत नाहीं. तुला काय वाटतें तें तूं लिही. पंधरा दिवसांनीं तिनें वही आणून दिली. तिनें ज्युलियाला त्या मुलींच्या वतीनें एक पत्र लिहिलें होतें. गांव तिनें आपल्याच आजोळचा, नगर जिल्ह्यांतला घेतला होता. विहिरीला यंदा पाणी कमी आहे, धाकट्या दोघी आतां स्वतः वेणी घालतात, एकीचें लग्न ठरलें पण तिला शिकावयाचें आहे, तुमच्या लग्नाची बातमी कळली व आम्हीं गूळ वांटला, असें त्यांत होतें. शेवटच्या ओळींत विचारलें होतें कीं, तुमच्या नव्या घरांतील मुलांना तुम्हीं आमचीं नांवें सांगितलीं आहेत काय? आणि खालीं अकरा नांवें, प्रत्येक निराळ्या अक्षरांत. अक्षरें निराळीं यावींत म्हणून तिनें वर्गांतील दहा मैत्रिणींकडून तीं लिहवून घेतलीं होतीं.